सात नंबरची काठी

आमच्या घराण्यात गोल्फ खेळणारा माणूस आहे असं सांगितलं की लोक हसतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. सोनगीरजवळच्या आमच्या गावात कापूस, गहू आणि कांदा यांच्यापलीकडे कुणी बघत नाही. पण माझा थोरला भाऊ, ज्याला सगळं गाव नाना म्हणतं, त्याने उमेदीची सगळी वर्षं दूरच्या एका छावणीत गोल्फच्या मैदानावर माळीकाम केलं. गवत कापता कापता खेळ शिकला. निवृत्त होताना एका साहेबाने आपल्या जुन्या सात काठ्या पिशवीसकट त्याला देऊन टाकल्या. तेव्हापासून रान मोकळं झालं की नाना शेतात जातो आणि बांधावरच्या बाभळीच्या रोखाने चेंडू मारतो. मारलेले गोळा करतो, पुन्हा मारतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण त्या वेळी त्याला हाक मारायची सोय नसते.

मी धाकटा. आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवून निवृत्त झालो आणि आता धुळ्यात देवपूरला राहतो. घराच्या मागच्या खोलीत माझा व्हाइस, कानशी आणि पान्ह्यांचा पसारा आहे. सुटलेलं, हललेलं, खिळखिळं झालेलं काहीही दुरुस्त करायची मला खोड आहे, आणि आपण बसवलेलं पुन्हा हलत नाही असा तोराही आहे. दोन वर्षांपूर्वी नानाच्या सात नंबरच्या काठीचं लोखंडी डोकं दांड्यापासून सुटलं होतं, तेव्हा ते मीच चिकटवून दिलं होतं (या काठ्यांच्या डोक्यावर नंबर कोरलेले असतात).

गेल्या मार्चमध्ये नाना पहिल्या एसटीने तीच काठी घेऊन दारात उभा राहिला. चहा यायच्या आधीच म्हणाला, "हाई हालस." चेंडू बाभळीकडे न जाता उजवीकडे जातो, कधी थोडा, कधी फार. त्याची मुलं म्हणत होती की हात थरथरतो, वय झालं, आता शेतात उन्हात फिरणं बंद करा. नानाचं म्हणणं एकच होतं.

"मना हात नही हालस, हाई काठी हालस. तू देख."

वहिनीने स्वतःच्या परीने उपाय करून पाहिला होता. कुदळीचा दांडा उन्हाळ्यात सुकून सैल झाला की आमच्याकडे कुदळ पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो. तिने त्याच हिशोबाने ही काठी दोन दिवस गुरांच्या हौदात ठेवली. आता पोलादी दांडा कसला फुगतोय. उलट मुठीच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातून पाणी आत गेलं आणि आत गंजाची खपली खुळखुळायला लागली. ऐकून मी पोट धरून हसलो. नाना हसला नाही.

मी रीतसर तपासणी केली. अशा काठीत सैल होण्याच्या जागा दोनच, खालचं डोकं आणि वरची रबरी मूठ. मूठ दोन्ही हातांनी पिळून पाहिली, पक्की होती. खपली भोकातून झटकून काढली, तो आवाज गेला. मग दांडा लाकडाच्या दोन फळ्यांत धरून व्हाइसमध्ये आवळला, दांडा आणि डोकं यांच्या सांध्यावरून पेन्सिलने एक सरळ रेघ ओढली, आणि डोकं धरून सगळ्या ताकदीने पिळलं. रेघ जागची हलली नाही. ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला. नाना स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होता.

मी निकाल दिला की काठी ठणठणीत आहे, थरथरतोय तो तुझा हात. हे गोडीत सांगता आलं असतं. पण माझ्या सांध्यावर शंका घेतली म्हणून मला राग आला होता, आणि राग आला की मी अजून वर्गात उभा असल्यासारखा बोलतो. नानाने काठी पंच्यात गुंडाळली. जेवून जा म्हटलं, तर थांबला नाही.

त्यानंतर तो शेतात गेलाच नाही. वहिनी फोनवर म्हणाली की दिवसभर ओट्यावर बसतात, कुणी विचारलं तर आपलं झालं आता एवढंच बोलतात. मुलांना बरं वाटलं होतं. मलाही वाटायला हवं होतं, कारण निकाल माझाच होता. पण नानाला दिवसा ओट्यावर बसलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते काही मनातून जाईना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो. पुरणपोळीचं जेवण झाल्यावर वहिनीने मला धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, पिटाळलं, वाळत घातलेल्या बिबड्या उलटून ये म्हणून. जुन्या साडीवर पापडासारख्या ज्वारीच्या बिबड्या पसरल्या होत्या, आणि वाऱ्याने साडी उडू नये म्हणून चारी कडांना नानाच्या काठ्या वजनाला ठेवल्या होत्या. बघून मला कसंतरीच झालं. सात नंबरची उचलायला गेलो तर चटका बसला. रुमालाने धरून उचलली, आणि बाजूला ठेवताना तिचं डोकं माझ्या हातात फिरलं. मी ते पुन्हा फिरवून पाहिलं. पेन्सिलची रेघ तुटून तिचे दोन तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे लांब गेले होते.

पहिला विचार आला तो वहिनीच्या हौदाचा, आणि तो मला फार आवडला. पण जोर लावून ओढलं तसं डोकं मऊ, पिवळट तारा सोडत बाहेर आलं. पाण्याने असं होत नाही. दोन वर्षांपूर्वी मी घाईत पाच मिनिटांत सुकणारा गोंद वापरला होता, आणि तो तापला की ढिला पडतो. देवपूरच्या मागच्या खोलीत, सकाळी आठच्या गारव्यात तो दगडासारखा होता. नाना मात्र बारापर्यंत उन्हात खेळायचा, आणि काळ्या पिशवीत काठ्या तापायच्या. यंत्र जिथे चालतं तिथे जाऊन तपासा, असं मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. मला लाज वाटली, चांगलीच वाटली.

खाली येऊन ओट्यावर नानाजवळ बसलो आणि सांगितलं की काठी हलत होती, चूक माझी. त्याने सुटलेलं डोकं हातात घेऊन पाहिलं.

"मी सांगेल व्हतं," एवढंच म्हणाला.

काठी देवपूरला नेली. या वेळी सांधा आतून घासून स्वच्छ केला, दांड्याचं टोक पॉलिश पेपरने खरबरीत केलं, उन्हाला दाद न देणारा सावकाश सुकणारा दोन नळ्यांचा गोंद मोजून मिसळला आणि दोन दिवस काठीला हात लावला नाही. मग ती तासभर गच्चीवर तापवली, तिथेच पिळून पाहिली, आणि गावी घेऊन गेलो.

नाना माझ्याबरोबर शेतात आला. त्याने पहिला चेंडू मारला, तो उजवीकडे गेला. दुसराही उजवीकडे. आठ चेंडू मारले, आठही बाभळीच्या उजवीकडे गेले. काठीवर ढकलायची सोयही मीच काढून घेतली होती. चेंडू जुने झाले असतील असं मी काहीतरी पुटपुटलो, पण नाना चालायला लागला होता.

आठही चेंडू एका घोंगडीखाली झाकतील इतके जवळजवळ पडले होते. नाना त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला. मग वाकून एकेक उचलू लागला.

"हात थरथरस, ते खरं शे," तो म्हणाला. "पन आते बठ्ठा एकच जागावर पडतस. मंग मीच वळसू."

परत येऊन त्याने चेंडू ठेवला, पाय बाभळीच्या बरेच डावीकडे वळवले, आणि मला न विचारता काठी उचलली.