खाऱ्या पाण्यातली तार

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालो आणि दिवसभर घरात कुणाच्या ना कुणाच्या पायात यायला लागलो. आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा क्लब निघाला तो त्यामुळे. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. इथल्याच एका वाचनालयाने वरच्या मजल्यावरची खोली दिली. रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही सात-आठ जण जमायचो. सोल्डरिंगचा वास खाली वाचकांपर्यंत जायचा, त्यावरून ग्रंथपालबाई कधीकधी जिन्यात येऊन खोकायच्या. काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी, हात पुढे केला की मागे सरणारा रोबो, असल्या वस्तू आम्ही बनवायचो आणि एकमेकांनाच दाखवायचो.

एका रविवारी मिरकरवाडा बंदरातला एक तांडेल जिना चढून आला. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, होडीवरचा मुख्य माणूस. पंचेचाळिशीचा असेल. त्याची लहान फायबरची होडी होती आणि तीवर तो आणि त्याचा मेहुणा असे दोघेच जायचे.

"काका, तुमी मशिनी बनवता म्हणून ऐकलं," तो दारातूनच म्हणाला. "होडीच्या तळाला पाणी साचतं. जाळ्यात गुंतलो की ध्यान राहत नाय. पाणी वाढलं की वाजेल असं काय होईल?"

चौतीस वर्षं मी लोकांचे फोन चालू ठेवले, पण मला कामाचं काही मागायला क्लबात आलेला तो पहिला माणूस. मी त्याला दुसऱ्यांदा विचारूच दिलं नाही. होईल, म्हणालो.

रचना सोपी होती. होडीच्या तळाशी थोड्या उंचीवर तांब्याच्या दोन तारा बसवायच्या. पाणी तिथपर्यंत चढलं की दोन तारांमधून करंट वाहतो, ते पेटीतल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे छोट्या संगणकी चिपला, कळतं आणि तो बझर वाजवतो. मी घरी बादलीत नळाचं पाणी घेऊन पन्नासदा तरी करून पाहिलं. दरवेळी वाजला. बायको म्हणाली, आता पुरे, शेजारी विचारायला लागलेत.

क्लबात एक बाई यायच्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी बोर्डावरचा प्रोग्राम वाचला आणि म्हणाल्या, "काका, तारांना करंट सतत चालू ठेवलाय तुम्ही. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडत राहिले तर धन बाजूची तार झिजून जाईल. दर पाच सेकंदांनी क्षणभरच द्या ना. आणि तांब्याऐवजी स्टील वापरू या."

त्यांचं बरोबर होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी रत्नागिरीत जन्मलो. इथल्या हवेत खिडकीचे गज कसे सोलून निघतात ते लहानपणापासून पाहिलंय. एक्स्चेंजमध्ये तर तांब्याच्या सांध्यांवरचा हिरवा थर खरवडणं हे माझं रोजचं काम. पण चार लोकांसमोर मुलीएवढ्या बाईने चूक दाखवली ते मला लागलं. शिवाय आठवड्यावर एका शाळेतलं प्रदर्शन आलं होतं.

"प्रदर्शन होऊ दे," मी म्हणालो, "मग बदलतो."

प्रदर्शनात लोकांनी त्या पेटीभोवती गर्दी केली. मी काचेच्या भांड्यात पाणी ओतायचो, बझर वाजायचा, लोक टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या दिवशी तांडेल पेटी घेऊन गेला. तारा बदलायच्या राहिल्या. विसरलो असं म्हणता येणार नाही. रोज आठवायचं आणि मी रोज उद्यावर टाकायचो.

पंधरा दिवसांनी तो बांगडे घेऊन घरी आला. पेटी वाजली होती, दोघांनी वेळेवर पाणी उपसलं होतं. "मेहुण्याला मी बोललो, आता तळाची फळी उचलून बघायची कटकट गेली तुझी," तो हसत म्हणाला. मीही हसलो. त्या वाक्यात काय होतं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. एका रविवारी तांडेल आला तो बसला नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने पेटी काढली आणि टेबलावर ठेवली.

"वाजला नाय," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. पहाटे निघताना होडीला बंदरातच एका दगडाचा धक्का बसला होता. मोठा वाटला नाही. बाहेर गेल्यावर दोघं जाळं ओढत होते, आणि पायाखालच्या फळ्या तरंगायला लागल्या तेव्हा कळलं. पाणी उपसेपर्यंत होडी एका अंगावर गेली. इंजिन सुटून मेहुण्याच्या उजव्या हातावर आलं. दीड-दोन तास दोघं उलट्या होडीला धरून होते. मग दुसऱ्या होडीवाल्यांनी उचललं. जीव वाचले होते. हाताची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली होती.

मी पेटी उघडली. आतून कोरडी होती, बोर्ड शाबूत. बाहेरच्या दोन तारांपैकी एक हिरवी पडलेली, आणि दुसरी प्लास्टिकच्या आवरणाच्या तोंडापाशीच संपलेली. तांबं शिल्लकच नव्हतं.

"बॅटरी उतरली असेल," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. आज लिहितानाही कानशिलं तापतात. तांडेलाने मान हलवली. त्याला ते पटलं, कारण सांगणारा मी होतो. बाईंनी ती झिजलेली तार पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी मिरकरवाड्यात गेलो. मेहुणा ओट्यावर बसला होता, हाताला बँडेज. तांडेल आतून खुर्ची घेऊन आला. मी उभाच राहिलो.

"बॅटरी उतरली नव्हती," मी म्हणालो. "तार खाऱ्या पाण्याने झिजली. तशी झिजेल असं मला आधीच सांगण्यात आलं होतं. मी ती बदलली नाही, आणि रविवारी तुमच्याशी खोटं बोललो."

तांडेल खुर्ची तिथेच सोडून मागे सरला. मग आत निघून गेला. आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. पुन्हा तो बाहेर आला नाही.

मेहुणा मात्र बोलला. आवाज चढवला नाही. "बापाच्या होडीवर होतो तेव्हापासून मी फळी उचलून बघायचो, काका. घडीघडीला. बाप शिव्या द्यायचा नाय बघितलं तर. तुमची पेटी आली नि मी बघायचं सोडलं." मग म्हणाला, "दाजी मला म्हनतो तुझी पन चूक. असंल."

तुझी चूक नाही, असं मी म्हणालो. त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही. त्याच्या बायकोने चहा आणला. तो मी प्यायलो, कारण नको म्हणायची हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली. मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं, पण एकदाच. तुम्हाला राग आला ते दिसलं आणि मी गप्प बसले. मला पुन्हा सांगता आलं असतं." मग त्यांनी स्वतः नवी पेटी केली. स्टीलच्या पट्ट्या, करंट क्षणभरच, आणि तार तुटली तर तेही कळवणारा वेगळा आवाज. दोन महिने तिच्या पट्ट्या त्यांनी मांडवीच्या जेटीजवळ समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. पेटी उत्तम चालली. तांडेलाला निरोप धाडला. तो आला नाही. त्याने दुसऱ्याच्या होडीवर काम धरलं होतं, आणि तिथे कुणी फळी उचलून बघतं की नाही, हे विचारायची मला सोय नव्हती.

मी अजून क्लबात जातो. नवीन माणसांना सोल्डरिंग शिकवतो, पण कुणाला काही बनवून देत नाही.

गेल्या महिन्यात मासळीच्या लिलावाजवळ मेहुणा भेटला. आता तो बर्फाच्या गाडीवर हिशेबनीस म्हणून बसतो, डाव्या हाताने लिहायला शिकलाय. इकडचं तिकडचं बोललो. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "स्पीकरमधून आवाज येत नाय. बघता काय?"

फोन त्याने पुढे केला होता. स्पीकरच्या जाळीत मीठ साचलं असावं, पाच मिनिटांचं काम. माझा हात वर आला नाही. बाजारात एक चांगलं दुकान आहे, तिथे दाखव, असं मी सांगितलं.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन खिशात ठेवून गाडीकडे गेला.