साडूनं वाचवलेला वेळ

वेळ वाया घालवणारी माणसं जगात ढिगानं आहेत, पण वेळ वाचवण्यात एवढा वेळ घालवणारा माणूस माझ्या साडूशिवाय दुसरा झालेला नाही, आणि होऊ नये अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. हे मी थट्टेनं म्हणत नाही, दमून म्हणतो. आळेफाट्याला आम्ही दोघं नवराबायको नोकऱ्या सांभाळून दोन पोरं वाढवतो. आमची सकाळ म्हणजे नुसती पळापळ. एकाचा मोजा सापडत नाही, दुसऱ्याचा डबा गळतो, इकडे दूध उतू जातं आणि बाहेर शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत उभी असते. नेमका अशा वेळी येडगावहून साडूचा फोन येतो, "पावणं, एक आयडिया सुचलीय. ऐका तर. लई टाईम वाचतो!" ती आयडिया ऐकण्यात माझा होता तो टाईम जातो, हे त्याला सांगायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

माझी मेहुणी, म्हणजे साडूची बायको, नर्स आहे. तिला पुढच्या ट्रेनिंगसाठी वर्षभर पुण्याला जावं लागलं. महिन्याकाठी एखादा रविवार तेवढी ती घरी यायची. मागं राहिली धरणाजवळची द्राक्षबाग, टोमॅटोचा तुकडा, तिसरीतली थोरली लेक आणि बालवाडीतली धाकटी. घरात दुसरं वडीलधारं कुणी नाही. दुसरा एखादा असता तर बहिणीला नाहीतर मावशीला बोलावून मोकळा झाला असता. साडू म्हणाला, "माझ्या पोरी हायेत, मीच बघीन." त्याबद्दल माझ्या मनात त्याच्याविषयी खरोखर आदर आहे. फक्त त्यानं घर चालवायला घेतलं ते बाग चालवल्यासारखं, हाच काय तो घोटाळा.

सगळ्यात आधी त्यानं भांडी धरली. एकेक भांडं घासत बसणं त्याला मंजूर नव्हतं. टोमॅटो भरायच्या प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये त्यानं दिवसभराची ताटंवाट्या उभ्या रचल्या, कॅरेट अंगणात ठेवलं आणि ट्रॅक्टर धुवायच्या प्रेशरच्या पंपानं समोरून फवारा सोडला. ताटं निघाली लख्ख, त्यात वाद नाही. पण पेले, चमचे आणि चहाची गाळणी कुंपणापलीकडे शेजारच्या म्हाताऱ्याच्या वावरात जाऊन पडली. पुढं तो म्हातारा रोज संध्याकाळी धोतराच्या सोग्यात काही ना काही घेऊन यायचा आणि शांतपणे म्हणायचा, "खुरपाय गेलं तर कांद्यात चमचं निघत्यात, राव. पीक चांगलं हाय तुमचं."

मग गणवेशांची पाळी आली. सकाळी पोरींना कपडे घालण्यात फार वेळ जातो, असं ध्यानात आल्यावर साडू त्यांना रात्रीच आंघोळ घालून गणवेशात झोपवायला लागला. सकाळी नुसतं उचलायचं आणि व्हॅनमध्ये ठेवायचं. बालवाडीच्या बाईंनी एकदा धाकटीला विचारलं, "काय गं, झोपेतनं उठून आल्यासारखी दिसतेस?" तेव्हा ती प्रामाणिकपणे म्हणाली, "मग कुठनं उठून येऊ?" स्वयंपाकाचंही तसंच. रविवारी एकदाच पातेलंभर वाटण करून ठेवायचं आणि आठवडाभर त्यात काय हाताला लागेल ते सोडायचं. सोमवारी वांगं, मंगळवारी मटकी, बुधवारी अंडी. चव मात्र रविवारचीच. एकदा तर आम्ही जेवायला जाणार म्हणून त्यानं मासवडीचा बेत केला. आता मासवडी हा आमच्या भागाचा मान. बेसनाची पोळी थापायची, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, ओल्या फडक्यानं हलक्या हातानं गुंडाळायचं; बायका त्यात अर्धी दुपार घालवतात. साडूनं बेसन आणि सारण एकाच पातेल्यात घातलं आणि ढवळलं. "पोटात गेल्यावर एकच व्हतंय की!" असं वर स्पष्टीकरण. माझी बायको मुकाट्यानं जेवली आणि हात धुताना म्हणाली, "भाऊजी, ह्याला मासवडी म्हणू नका. पिठलंसुद्धा म्हणू नका, पिठल्याला वाईट वाटंल."

त्याच दिवशी मी त्याला विचारलं, "एवढा वेळ वाचवता, तो जातो कुठं?" साडूनं चहा बशीत ओतला. डोळ्यांखाली काळं आलेलं, दाढी वाढलेली. मग म्हणाला, "त्येच तर कळंना, पावणं. वाचतो खरा, पण हातात काय ऱ्हात न्हाई." आणि हातात चहाची बशी तशीच धरून बसल्या जागी झोपला. मला त्याचं हसू आलं नाही. मीही त्याच नावेतला.

शेवटी गाडी येऊन अडली ती थोरलीच्या केसांपाशी. पोरीचे केस कमरेपर्यंत, आणि शाळेचा नियम दोन घट्ट वेण्यांचा, वर रिबिनी. द्राक्षाच्या काड्या तारेला बांधायचं एक हातयंत्र असतं, दाबलं की पट्टी गुंडाळून टक्कन बसते. काही दिवस साडूनं त्या यंत्रानं वेण्या बांधल्या. पोरीनं तेही सोसलं. मग एके सकाळी फोन आला, "पावणं, केसच कापून टाकतो. धाकटीचे कापले, किती सुटसुटीत झालं! पर थोरली ऐकंना. दोन दिस झालं बोलत न्हाई. तुमी दोघं या, मावशीचं ऐकंल ती."

रविवारी आम्ही गेलो. अंगणात खुर्ची मांडलेली, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, आणि साडूच्या हातात बागेतली छाटणीची कात्री. माझा चेहरा बघून तो घाईघाईनं म्हणाला, "नवीन हाय, बागंत अजून घातली न्हाई." थोरली पायरीवर बसली होती, दोन्ही वेण्या दोन्ही मुठींत आवळून. माझी बायको तिच्याजवळ बसली, समजूत घालायला लागली, "अगं, केस काय, परत वाढतील."

पोरीनं मान वर केली नाही. म्हणाली, "मम्मी केस विंचरायची तवा मी तिला शाळंतलं समदं सांगायची. आता मम्मी न्हाई. केस बी गेल्यावर मी सांगू कवा? पप्पांना टाईमच नसतो."

माझी बायको उठून घरात गेली. ती रडत होती. साडूनं कात्री खिडकीत ठेवली, आतून तेलाची बाटली आणि फणी आणली आणि पोरीच्या मागं पायरीवर बसला. द्राक्षाची काडी सोडवावी तसा एकेक गुंता सोडवायला लागला. हळूहळू पोरगी बोलायला लागली. कुणी कुणाचं खोडरबर चोरलं, शाळेमागच्या उसात बिबट्याचे ठसे दिसले म्हणून कशी लवकर सुट्टी दिली, कुठल्या बाईंचं लग्न ठरलं. आणि त्याच सुरात म्हणाली, "मला गॅदरिंगच्या डान्समधनं काढलं."

साडूचा हात थांबला. "कवा?"

"लई दिस झालं."

"मंग सांगितलं न्हाईस?"

"सांगाय आले व्हते. तुमी पंपानं भांडी धूत व्हता. ऐकू न्हाई आलं तुमाला."

साडूनं फणी खाली ठेवली आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. मी दुसरीकडे बघितलं. आमच्या घरीही पोरं काही सांगायला आली की मी घड्याळ बघतो, हे मला तिथंच आठवलं आणि लाज वाटली.

वेण्या झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एक कानापाशी, दुसरी मानेवर, आणि भांग नदीसारखा वाकडा. पोरीनं आरशात बघितलं आणि म्हणाली, "चालतंय." त्यानंतर भांडी पंपाखालीच राहिली, वाटणही रविवारचंच राहिलं, पण वेण्यांसाठी साडू अंधारात उठायला लागला. सकाळचे त्याचे फोन बंद झाले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

आता मेहुणीचं ट्रेनिंग संपलंय. परवा आम्ही तिला भेटायला मुक्कामाला गेलो होतो. सकाळी ती ओसरीवर थोरलीची वेणी घालत होती. तिची बोटं अशी चालत होती की बघता बघता एक वेणी झाली. पोरीचं तोंड चालूच होतं. तेवढ्यात साडू बागेतून लगबगीनं आला, चुळबुळत उभा राहिला, ओले हात पँटला पुसले आणि म्हणाला, "दुसरी मी घालू का?"

थोरली मागं वळली नाही. "नको पप्पा," ती मायेनंच म्हणाली, "तुमाला लई येळ लागतो."

"बरं," साडू म्हणाला. बागेकडं जायला म्हणून तो वळला, पण गेला नाही. खालच्या पायरीवर बसला आणि ती आईला जे सांगत होती ते रिबीन बांधून होईपर्यंत ऐकत राहिला.