टाचणीबाईंचे चारशे मीटर

१२ मार्च रोजी दुपारी एकला पाच मिनिटे कमी असताना नगररचना कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीवर २,७५० रुपये अर्जशुल्क जमा झाले. सगळ्या नोटा इस्त्री केलेल्या होत्या. भरणाऱ्या बाई कपडे शिवत आणि तोंडात टाचण्या धरूनच बोलत, म्हणून सारा भाग त्यांना टाचणीबाई म्हणे. खिडकीमागे मी होतो, त्याच भागात राहणारा.

नियम नवा होता. बाईंच्या रस्त्यावर तोवर एका प्लॉटवर एकच घर आणि एकच स्वयंपाकघर चाले. आता मेट्रो स्टेशनच्या दरवाजापासून पायी चारशे मीटरच्या आत प्लॉट असेल, तर तिथे चार बिऱ्हाडांची इमारत बांधायला परवानगी मिळणार होती.

बाईंना चारच बिऱ्हाडे हवी होती. एक स्वतःचे, दोन मुलांची, एक नणंदेचे. नवरा गेल्यावर एका मशीनवर त्यांनी दोन्ही मुले वाढवली, नणंदेलाही सांभाळले. मुले लग्नानंतर शहराच्या दोन टोकांना भाड्याने राहत होती. "दोन सुना एका ओट्याशी?" बाई म्हणत. "आठवड्यात घरातली लाटणी मोडतील." परवानगी मिळाली नाही, तर महिनाअखेरीस घर विकून वाटणी करायचे ठरले होते. गिऱ्हाईकही तयार होते.

अर्जात अंतर अर्जदाराने मोजून लिहायचे असते. ते चारशेच्या आत असले तरच आमचा माणूस मोजणीचे चाक घेऊन तपासायला जातो. बाईंनी लिहिले होते, ४०५ मीटर ४० सेंटीमीटर.

"बाई, अर्ज बाद होईल," मी म्हणालो.

"वहिनी, पाचच मीटर!" मागून नणंद म्हणाली. "एवढी कात्रणं तर तुम्ही रोज झाडून टाकता. लिहा की तीनशे नव्वद!"

"वन्सं, गप्प बसा. मापात खोटं बोलले असते तर आतापर्यंत बंगला झाला असता."

"मोजलंत कशाने?" मी विचारले.

बाईंनी गळ्यातली टेप काढली. दीड मीटरची. पूर्ण रस्ता त्यांनी त्या टेपने मोजला होता! दोनशे सत्तर वेळा टेप पसरून, वर चाळीस सेंटीमीटर.

जेवणाची सुट्टी झाली होती आणि स्टेशन समोरच होते. मी खिडकी बंद केली, डबा कपाटात ठेवला आणि म्हणालो, "दाखवा कसं मोजलंत ते."

स्टेशनच्या दरवाजाशी बाई उकिडव्या बसल्या. टेप पसरली, खडूने रेघ मारली, पुढे सरकल्या. नणंद छत्री आडवी धरून वाहने अडवत होती. एक बस थांबली. ड्रायव्हरने डोके बाहेर काढले.

"ओ मावशी, रस्त्याला ब्लाऊज शिवताय का?"

"तुझ्या तोंडाला बटण लावते, थांब जरा!" टाचण्यांमधून उत्तर गेले. बसमधले सगळे खिडक्यांना येऊन चिकटले.

तिसऱ्या रेघेला माझ्या लक्षात आले. टेपचे टोक पुढे होते आणि रेघ एक इंच अलीकडे.

"बाई, रेघ टोकाला का नाही मारलीत?"

"अहो, माया नको ठेवायला? शिवणीत इंचभर कापड जातंच."

"पण बाई, रस्ता कुठे शिवायचाय?"

बाईंनी रेघेकडे पाहिले. मग टेपकडे. मग तोंडातल्या टाचण्या एकेक काढून पदराला टोचल्या. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्या तोंडाने पाहिले.

मी पावतीच्या मागे हिशेब मांडला. दर टेपला अडीच सेंटीमीटर जास्त धरले गेले होते. दोनशे सत्तर टेपांचे झाले पावणेसात मीटर. ते वजा करता उरले ३९८ मीटर ६५.

"वहिनी! तीस वर्षांची सवय, पावणेसात मीटर खाऊन बसली होती!" असे ओरडून नणंद छत्रीसकट रस्त्यातच बसली आणि हसत सुटली. बाई हसल्या, बस हसली, ड्रायव्हरने उगाच तीनदा हॉर्न वाजवला. मीही आकडा पुन्हा तपासायला रेघेशी वाकलो, आणि माझी पँट मागून उसवली. मग तर बसमधून टाळ्याच आल्या.

अर्जातली दुरुस्ती बाईंनी स्वतःच्या अक्षरात केली आणि खाली सही केली. चौथ्या दिवशी आमचा माणूस चाक घेऊन गेला. त्याच्या चाकावर ३९८ मीटर ७० आले. २६ मार्चला परवानगी हाती पडली आणि त्याच संध्याकाळी बाईंनी गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले. तळमजला कोणाला यावरून दोन्ही सुनांचे फोनवर वाजले आहे, असे नणंद मोठ्या आनंदाने सांगत होती.

माझी पँट बाईंनी उसवली त्याच दुपारी मशीनवर शिवून दिली होती, दुहेरी शिलाईने. शिलाईचे ऐंशी रुपये झाले. ते मी अजून दिलेले नाहीत.