खोगिराखालचे पांढरे केस

आइंडहोव्हनच्या या गृहस्थाचं बूड म्हणजे पृथ्वीतलावरचं सर्वांत नाजूक यंत्र. ऑफिसात चिपची यंत्रं जुळवणारा हा पुणेकर चाळिशीनंतर बॅरल रेसिंग शिकला, म्हणजे तीन पिंपांना वळसे घालत घोडी भरधाव पळवायला. खोगिरासाठी त्याने अर्धा युरोप पालथा घातला. दुकानातल्या लाकडी घोड्यावर तो डोळे मिटून इतका वेळ बसे, की तेवढ्यात दुकानदार निवृत्त होत.

तो जिथे शिकतो, त्याच तबेल्यात माझी मुलगी घोडेस्वारी शिकते, त्यामुळे दर शनिवारी भेट ठरलेली. "वळणावर बूड हलता कामा नये, राव," तो सांगे. "हे खोगीर म्हणजे सोफा आहे सोफा. बसून बघ." मी बसलो. उतरावंसं वाटेना, आणि हे मी अजिबात फुगवून सांगत नाही.

त्याची घोडी मात्र खोगीर दिसलं की रागाने कान मागे पाडायची. "नखरे," तो म्हणे.

हिवाळ्यातल्या एका ओल्या सकाळी तो तिला खरारा करताना थांबला. तिच्या तपकिरी पाठीवर, खांद्यांमागे दोन्ही बाजूंना, पांढऱ्या केसांचे ठिपके होते. खोगीर महिनोन्‌महिने जिथे रुततं तिथे केस पांढरे उगवतात, आणि मग बहुधा तसेच राहतात.

"मी फक्त माझंच बूड मोजलं," तो म्हणाला.

आता शनिवारी तो लगाम धरून तिला पिंपांभोवती फिरवतो, पायी, पावसात. पाठीवर हात ठेवायला गेला, की ती अजून कान मागे पाडते.