घसरगुंडीची साक्ष

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगतो. सगळी नोकरी लोखंडात काढलेला माणूस मी... यंत्र चालतं नाहीतर बिघडतं, तिसरं काही नसतं, असंच म्हणायचो. तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जात नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी लोकलचा मोटरमन, राहायला बोरिवलीला. लोकांना वाटतं सगळ्या लोकल सारख्या. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी आलेल्या, दिसायलाही तशाच. पण चालवणाऱ्याला विचारा – एक पटकन उचल घेते, एक आळशी, एक उगाच कुरकुरते. आणि एक होती, तिला आम्ही घसरगुंडी म्हणायचो. ब्रेक लावला तरी बाई ऐकायची नाही, दोन डब्यांएवढं अंतर सरकायची आणि मग धरायची. म्हणून तिचा ब्रेक आम्ही आधीच लावायचो.

खरं तर हे कारशेडच्या वहीत लिहायला हवं. पण लिहिलं की गाडी अडकते, खुलासे द्या, साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळत बसा... म्हणून कोणी लिहायचं नाही. उतरणारा मोटरमन चढणाऱ्याला तोंडी सांगायचा, बस.

त्या दुपारी अंधेरीला मी सावंतकडून गाडी घेतली. सावंत मालवणकडचा, माझ्याच गावचा, मला काम त्यानेच शिकवलं. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी त्याच्या बायकोच्या हातात होती, इतकं घरचं. उतरताना म्हणाला, "घसरगुंडी आसा रे. आज जरा जास्तच ओढता, बेगीन धर हां."

धरला की मी बेगीन. बोरिवलीच्या अलीकडे सिग्नल लाल होता. नेहमीच्या खांबाच्याही आधी ब्रेक लावला. ती सरकत राहिली... सरकतच राहिली. सिग्नल ओलांडून डबाभर पुढे जाऊन थांबली. समोर रूळ मोकळा होता, कोणाला खरचटलंही नाही. पण लाल सिग्नल ओलांडला म्हणजे माझी वाट लागली, हे मला तिथेच कळलं.

चौकशीत मी सरळ सांगितलं – ही गाडी ब्रेक उशिरा धरते, सावंतला विचारा. सावंत शेजारच्याच खुर्चीत बसला होता. साहेबांनी त्याला विचारलं, "तुम्ही यांना तसं सांगितलं होतं?"

"नाय साहेब. गाड्या सगळ्या सारख्याच. मी काय सांगणार?"

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. तरी म्हटलं, माणूस फिरला तर फिरला, गाडी आहे ना! "चाचणी घ्या," म्हणालो.

घेतली. तीच गाडी, तोच सिग्नल, हँडलवर मी, मागे दोन साहेब. नेहमीच्या खांबाला ब्रेक लावला आणि घसरगुंडी गपकन उभी राहिली, सिग्नलच्या कितीतरी अलीकडे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. सहा वर्षांत ती एकदाही अशी थांबली नव्हती. दुरुस्त केली असेल म्हणाल, तर नाही... चौकशी होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम होता, आणि शेडमधल्या माझ्या माणसांनी तो पाळलेला बघितला होता.

"डुलकी लागली असणार तुम्हाला," साहेब म्हणाले. मला गाडीवरून काढून स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं.

महिन्याभराने संध्याकाळी घरी जायला अंधेरीला उभा होतो. गाडी आली. पुढून सावंत उतरला आणि चढणाऱ्या मोटरमनला म्हणाला, "घसरगुंडी आहे. दोन डबे आधी धर, काय?" वळला तर समोर मी. जेवणाचा डबा काखेत धरून खाली मान घालून निघून गेला.

मी त्याच गाडीत चढलो. बोरिवलीला ब्रेक लागला तो पायाखाली कळला, आणि बाई सरकली... बरोब्बर पूर्वीसारखी.

सावंतचं मला कळतं. वहीत का लिहिलं नाही, असं विचारलं असतं तर तोही गेला असता, आणि घरात तीन मुली. माफ केलं नाही मी त्याला, पण कळतं. तो घाबरून खोटं बोलला.

गाडीचं मात्र आजही कळत नाही. तिला कोणाची भीती होती?