अण्णाच्या ट्रॅक्टरचं वय

आमच्या शिरोळ भागात ट्रॅक्टरमधलं माझ्याएवढं कळणारा माणूस दुसरा न्हाय. नुसता आवाज ऐकून सांगतो, कुणाचा ट्रॅक्टर, कुठल्या गिअरात. चालवायला तेवढं येत न्हाय! एकदा बसलतो हौसेनं, ते थेट गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरलो.

जन्मभर पंक्चर काढली. गिऱ्हाइकाचं चाक आपल्या ताब्यात, त्यामुळं त्याला पळून जाता येत न्हाय. मग बसतंय बोलत. असं बोलणं साठत साठत गेलं. आता दुकान बंद केलंय, पण किश्श्यांना कुठं व्हॉल्व्ह असतोय हवा सोडायला?

*

शेजारी दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज. उसाच्या सरीतनं जाणारे, बैलजोडीएवढे छोटे ट्रॅक्टर सगळे त्याच्याकडं. त्याचा एक नेम हाय. इंजिन अजून किती वर्षं जाईल, हे तो कुणाला सांगत न्हाय. नजर लागते म्हणतो.

एकदा जोतिबाच्या डोंगराकडनं एक पावणं आलं. मोबाईल पुढं धरला.

"मिस्त्री, हितं लिहिलंय, नीट सांभाळला तर छोटा ट्रॅक्टर वीस-वीस वर्षं टिकतोय. खरं का?"

दस्तगीरनं मोबाईलकडं बघितलंच न्हाय. पायाकडं बघितलं. पायात कोल्हापुरी, पण चामडं वाळून तडकलेलं.

"पावणं, चपलेला तेल कधी लावलतं?"

"चपलेला? न्हाय बा."

"मग ते वाचू नका. ते दुसऱ्यासाठी लिहिलंय!"

*

आमचा बाळगोंडा अण्णा मात्र चपलेला तेल लावणाऱ्यातला. त्याचा छोटा ट्रॅक्टर अठरा वर्षांचा झाला. रोज सकाळी देवपूजेच्या आधी इंजिनातली तेलाची पट्टी उपसून बघणार. आणि पुसायची कशाला? धोतराच्या सोग्याला! गॅरेजात फडकी ढीगभर, पण ह्याला धोतरच लागतंय.

एकदा दस्तगीरनं विचारलं, "अण्णा, तेल बदलून किती दिवस झालं?" अण्णा बोटं मोजायला लागला. तेवढ्यात त्याची बायको, आमची अक्का, कट्ट्यावरनं म्हणाली, "सोग्याचा डाग तांबूस पडत हुता तवर मी काय बोललो न्हाय. काल काळा पडलाय. आजच बदला."

पट्टी काढून बघितली तर बरोबर!

दस्तगीर म्हणाला, "अक्का, गॅरेजात येतीस का कामाला?"

"मग हे धोतर कोण, तू धुणार?"

*

ह्या ट्रॅक्टरावर यंदा संक्रांत आली. अण्णाचा लेक महेश पुण्यात नोकरीला. बेंदराला आलता, बैलांच्या जागी ट्रॅक्टरलाच झूल घातलेली बघून म्हणाला, "अण्णा, अठरा वर्षं म्हणजे त्याचं आयुष्य संपलं. भंगारात जायच्या आत देऊन टाकूया. नवा घेऊ."

चार दिवस बाप-लेकात धुमश्चक्री. शेवटी अण्णानं अक्कासमोर शब्द दिला. "पहिलं गिऱ्हाईक येईल, त्याला पसंत पडला तर दिला. न्हाय पडला, तर पुन्हा हा विषय ह्या घरात काढायचा न्हाय."

त्याला वाटलं, अठरा वर्षांचं म्हातारं कोण पसंत करतंय! पण महेशनं चार ठिकाणी फोन लावले आणि पेठ वडगावचं गिऱ्हाईक रविवारी यायचं ठरलं. अण्णाचं जेवण निम्म्यावर आलं.

*

त्या आठवड्यात गॅरेजात दुसरा विषय न्हवता. आमच्यातला सर्जेराव, त्यानं अण्णाबरोबरच, एकाच दिवशी, एकाच रंगाचा ट्रॅक्टर घेतलता. घेतला आणि त्याच्यामागं उसानं भरलेली मोठी ट्रॉली लावली! पुढची चाकं उचलली की हा वर बसून हसायचा, "बघा घोडा नाचतोय!" एअर फिल्टर धुवायचा असतो हे त्याला ट्रॅक्टर मेल्यावर कळलं. सहाव्या वर्षी खेळ खलास. आता परड्यात उभा हाय, सीटवर कोंबड्या बसत्यात.

मी त्याला डिवचलं, "सर्जा, बरोबरीचा असून अण्णाचा अजून नांगरतोय बघ!"

"नांगरू दे की! अंडी देतोय का?"

*

अण्णाचं तोंड उतरलेलं मला बघवंना. म्हणून त्याच्या ट्रॅक्टरखाली हळूच दोन थेंब जळकं तेल टाकलं. जरा गंमत!

अण्णानं थेंब बघितले आणि तिथंच पाठ टेकून आत शिरला. मी लांब बसून हसतोय. अर्धा तास झाला, तास झाला. नुसते पाय दिसतायत. वाकून बघतो तर गडी गाढ झोपलेला!

उठवलं तर डोळे उघडे, पण माणूस अजून तिकडंच. म्हणाला, "तात्या, पहाट हुती. धुक्यात ऊस हलत हुता, पाण्यागत. ह्यो एकटाच चाललता सरीतनं, सीटवर कोण न्हाय. मी मागनं अनवाणी. कुठं चाललोय म्हायत न्हाय, पण लई हलकं वाटत हुतं."

थेंब मीच टाकले, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं माझे आभार मानले असते, मग चेष्टेत काय राहिलं?

*

अक्काचं मात्र मला कौतुक. कृष्णेचं पाणी गावात शिरलतं तेव्हाची गोष्ट. अण्णा आधी धावला गोठ्यात, ट्रॅक्टर काढायला. जाताजाता मला म्हणाला, उंच रस्त्यावर लावतो आणि माघारी येऊन अक्काला नेतो. गोठ्यात बघतो तर अक्का मडगार्डवर बसलेली, मांडीवर गाठोडं!

"मला ठाव हुतं, आधी हिकडंच येणार!"

मग त्या रस्त्यावर आम्ही दिवस काढले. पाऊस थांबल्यावर पाणी असं निवांत पसरलं की आभाळ खाली आलंय वाटावं. कडेला ट्रॅक्टरांची रांग, पाण्यात तिची उलटी सावली. अण्णा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "तात्या, बघ की. ढग नांगरतोय आपला."

खरंच तसं दिसत हुतं. त्या दिवशी मलाबी टवाळी सुचली न्हाय.

*

आणि रविवार उगवला. पेठ वडगावचं पावणं मोटरसायकलवरनं गॅरेजात उतरलं. अण्णा ट्रॅक्टर घेऊन आधीच आलता, महेश हुता, अक्का हुती. दस्तगीर काय बोलणार न्हाय हे ठाव हुतं. म्हटलं, आता आपणच दोस्ताचा ट्रॅक्टर वाचवायचा! पावण्याला बाजूला घेतलं आणि दिली ठोकून.

"तुम्ही आपल्यातले म्हणून सांगतो. इंजिन तीनदा खोललंय. तेल तर दुधागत पितोय."

पावण्यानं काढलेलं हेल्मेट परत डोक्यात घातलं. झालं की काम! अण्णानं आता नुसतं गप उभं राहायचं हुतं.

पण त्यानं ऐकलं आणि लालबुंद झाला.

"कोण म्हणतंय तीनदा खोललंय?"

पावण्याचा हात धरून त्याला ओढत ट्रॅक्टरजवळ नेला. एकेक बोल्ट दाखवला, कंपनीचा रंग अजून तसाच. "पान्याचा एक ओरखडा दाखवा!" मग चावी फिरवली. पहिल्या झटक्याला चालू. डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि सायलेन्सरच्या तोंडावर धरली. धरूनच उभा राहिला. मग टोपी पावण्याच्या हातात दिली.

पांढरी ती पांढरीच!

पावण्यानं हेल्मेट काढलं. बॉनेटवरनं हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरनं फिरवावा तसा.

"पसंत हाय अण्णा. एकच सांगा. अजून किती वर्षं जाईल?"

इंजिन अजून चालूच हुतं, टुकटुकत, उन्हात पेंग आल्यागत. महेश बापाकडं बघाय लागला, अक्का धोतराच्या सोग्याकडं. मी पावण्याच्या मागं उभा राहून दोन बोटं दाखवली. दोन म्हण, मर्दा! दोन म्हणालास की पावणं गेलं!

अण्णानं माझी बोटं बघितली. बॉनेटवर हात ठेवला.

"पंधरा वर्षं कुठं जात न्हाय."

"ठरलं!" पावणं म्हणालं.

मी अण्णाला चिंचेखाली ओढलं. "अरं लेका, दोन म्हणाला असतास तर घरात राहिला असता की! एवढं खोटं बोलवंना तुला?"

अण्णानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच खुळा.

"चालू हुता न्हवं त्यो! त्यानं ऐकलं असतं की!"