नोकरीच्या गावी पाठराखीण

सासरी जाणाऱ्या मुलीची पाठवणी कशी करायची, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. नोकरीला जाणाऱ्या मुलीची कशी करायची, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. घरातून अशी परमुलखात निघालेली पहिली मुलगी मीच. मग जी रीत येत होती तीच सगळ्यांनी माझ्यावर चालवली. आईनं पाटावर बसवून माझी ओटी भरली. काकूनं डोळ्याला पदर लावला, तिचं बघून गल्लीतल्या बायकांनी लावला. शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, "सगळ्यांचं मन राखून राहा गं." मी निघाले होते बडोद्याजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत काम करायला. आता तिथं कुणाचं मन राखायचं होतं, ते वहिनींनाच ठाऊक!

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नवरीबरोबर पाठराखीण जाते, तिला नव्या घरात चार दिवस सोबत करते आणि परत येते, तेव्हा माझ्याबरोबरही पाठराखीण हवीच असं ठरलं. कराड स्टेशनात गाडी आली तेव्हा माझ्यामागून आत्या डब्यात चढली. खिडकीतून अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला सांगत होते, "आक्का, चार दिवस राहा, पोरीला रुळव आणि ये."

ताई, माई आणि लग्न होऊन चहूकडे पांगलेल्या माझ्या सगळ्या बहिणींनो, हे तुम्हाला लिहायचं कारण एवढंच की तुम्हालाही सासरी पोचवायला आत्याच आली होती. तुम्ही तिला तुमच्या सासरच्या माजघरात चार दिवस पाहिलंत. त्यानंतर तिचं काय होतं, हे आपण कधी विचारलं नाही. ती परत यायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्याच घरातल्या चुलीपुढे बसायची. तिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं. कपाळाला कुंकू होतं, पण संसार नव्हता. अण्णांची थोरली बहीण म्हणून घरात मान होता, आणि कामही त्या मानानेच होतं. तिला अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून कुणाच्याही पाठीशी पाठवायला ती सोयीची. सगळे तिला आक्का म्हणायचे. तिचं नाव कुसुम आहे हे मलाही आठवावं लागलं असतं.

बडोद्यात घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. खाली घरमालकीण हंसाबेन राहायच्या आणि पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. आम्ही सामान घेऊन दारात उभ्या राहिलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आधी आत्याला विचारलं, "आवो बेन, तमारुं नाम शुं?" मी सांगायच्या आत आत्याच म्हणाली, "कुसुम." त्या क्षणापासून ती पोळात कुसुमबेन झाली. दूधवाला कुसुमबेन म्हणायचा, शाकवाली कुसुमबेन म्हणायची. पहिले काही दिवस हाक आली की आत्या मागं वळून बघायची, आणखी कुणी आलंय की काय म्हणून.

पाठराखिणीची कर्तव्यं तिनं चोख बजावली. पहिल्याच संध्याकाळी मला विचारलं, "तिथं सासू कोण?" मी म्हटलं, "अगं आत्या, साहेब असतात." तर म्हणे, "तेच ते." आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सावली गावाच्या रस्त्यावरल्या आमच्या कारखान्याच्या गेटवर ती बेसनलाडवांचा डबा घेऊन हजर! सासरच्या माणसांचं तोंड गोड करायला. मला आतून बोलावून घेतलं. गेटवर येऊन पाहते तो आत्या दरवानाला हात जोडून सांगत होती, "आमची पोर भाबडी आहे, सांभाळून घ्या." दरवानाला मराठी येत नव्हतं, पण लाडू कळले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुढं कितीतरी दिवस लॅबमधले लोक मला 'लाडूवाळी बेन' म्हणायचे.

तेही चालवून घेतलं असतं. खरी अडचण वेगळीच होती. प्रयोगशाळेत मी एकटी मुलगी, आणि सगळे पुरुष इतके सभ्य की मला काहीच करू देत नसत. नमुना तपासायला घेतला की कुणीतरी तो माझ्या हातातून हळूच काढून घ्यायचं. "बेन, तमे बेसो." खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, काम मिळायचं नाही. आठवडाभर मी अशी शोभेची बाहुली होऊन बसले. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून थेट खोलीवर आले, बॅग काढली आणि आत्याला म्हटलं, "चल, तुझ्याबरोबर मीही येते परत. यांना माझी गरजच नाही."

आत्या कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "नव्या सुनेला पहिले दिवस चुलीला कुणी हात लावू देत नाही. सगळे म्हणतात कौतुक. कौतुक कसलं? भरवसा नसतो. मग एक दिवस आपणच सगळ्यांच्या आधी उठायचं, पदर खोचायचा आणि चुलीपुढं बसायचं. बसलेल्या बाईला कुणी उठवत नाही."

"आणि उठवलं तर?"

"मला तर कुणी उठवलं नाही बाई. उलट उठूच देईनात."

हे ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पहिली बस पकडली, एप्रन घातला आणि सगळे यायच्या आधी रात्रीच्या पाळीतले नमुने समोर घेऊन कामाला लागले. साहेब आले, घटकाभर मागं उभे राहिले आणि पुढं गेले. त्यानंतर 'तमे बेसो' हळूहळू बंद झालं. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले. पण ते वापरू द्यायला लोकांना भाग पाडायचं कसं, हे मला चुलीपुढं जन्म काढलेल्या बाईनं शिकवलं. याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मी रुळले होते. आता पाठराखिणीनं परत जायचं. पण तोवर श्रावण लागला होता, आणि बडोद्यात श्रावण म्हणजे नवरात्राच्या चणियाचोळ्यांची घाई. हंसाबेनच्या खोलीत घेरदार चणियांचे, म्हणजे घागऱ्यांचे, ढीग पडले होते. आत्या आधी नुसती दारापुढच्या ओटल्यावर बसून बघायची. मग काठ दुमडून द्यायला लागली. मग आरसे टाके घालून बसवायला. गोधड्या शिवून बोटं तयार होतीच. एक दिवस मी कामावरून आले तर ती हंसाबेनच्या दुसऱ्या मशीनवर बसली होती, चष्मा नाकावर, तोंडात दोरा, आणि कुणा गिऱ्हाइकाशी आपल्या मोडक्या गुजरातीत वाद घालत होती. मी तिला वाद घालताना कधीच पाहिलं नव्हतं. आपल्या घरात तिला वाद घालायची सोय नव्हती.

गौरी-गणपतीच्या तोंडावर अण्णा तिला न्यायला आले. त्यांचंही चूक नव्हतं. गौरींचा सगळा स्वयंपाक आत्याचा, आईचे गुडघे धरलेले, काकू एकटी पडलेली. ते ओटल्यावर चहा पीत बसले होते, तेवढ्यात कॉलेजच्या दोन मुली आल्या. "कुसुमबेन छे? माप आपवानुं छे." अण्णांनी त्यांना सांगितलं, "इथं कुणी कुसुमबेन नाही." आतून आत्या म्हणाली, "आहे. आले." माप देऊन पोरी गेल्या. अण्णांनी कप खाली ठेवला. सख्ख्या बहिणीचं नाव परक्या पोरींच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती.

मग ते म्हणाले, "आक्का, पाठराखीण चार दिवसांची असते. उद्या निघू."

 आत्या जाईल याची मला खात्रीच होती. ती आजवर कधी नाही म्हणाली नव्हती. आणि ती गेली असती तर मला एकटीला राहणं जमलं असतं. पण तिचं काय झालं असतं, ते मला दिसत होतं. चष्मा परत पेटीत गेला असता, आणि कुसुम हे नावही.

आत्या मशीनवरून उठली नाही. म्हणाली, "अण्णा, एवढ्या पोरींबरोबर गेले, पण कुठल्याही घरी माझी पिशवी कधी उघडली नाही. चार दिवसांसाठी कशाला उघडायची? इथं उघडली. कपडे खुंटीवर लावलेत. आता मला ते काढवत नाहीत रे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. नवऱ्यानं टाकलं तेव्हा म्हणून झालंय सगळं."

अण्णांनी घरी फोन लावला, बहुधा आईनं तिला समजवावं म्हणून. आई म्हणाली, आणि तिचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता, "वन्संना राहू द्या तिथं. पुरणपोळ्या होतील तशा होतील. नाहीतर तुम्ही पुरण वाटायला बसा." माझी आई जन्मात कुणाला असं बोलली नव्हती. ती कधी परगावी गेली नाही, नोकरी केली नाही, तिच्या नावाची पाटी कुठं लागली नाही. पण त्या दिवशी तिनं आत्याच्या वाटणीचं सगळं काम आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर घेतलं आणि आम्हा दोघींचा रस्ता मोकळा केला. अण्णा एकटेच परत गेले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी आज त्याच प्रयोगशाळेची प्रमुख आहे. नवी मुलगी कामाला लागली की मी तिला खुर्ची देत नाही, नमुना देते. माझं मराठीही बिघडलंय म्हणतात. बहिणींनो, तुम्ही फोनवर हसता ते मला कळतं. भाजीला शाक म्हणते, फाफड्याशिवाय रविवार उजाडत नाही. कराडची आठवण येते तेव्हा गलबलून येतं, अजूनही. पण परत यावंसं वाटतं का, असं विचाराल तर नाही. आणि आपल्या घरातून आता पुण्याला, बंगळुरूला नोकरीसाठी मुली निघतात तेव्हा त्यांची ओटी भरतात, पाठराखीण देतात, याचा मला आनंद आहे. रीत मोडली नाही, तिची दिशा बदलली.

पण मला सांगायची आहे ती त्या पहिल्या वर्षाची भाऊबीज. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो. आत्याला घरच नव्हतं. इतकी वर्षं ती अण्णांना अण्णांच्याच घरात, त्यांच्याच पाटावर बसवून ओवाळायची. त्या वर्षी काय होणार, हा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. मी सकाळी दार उघडलं तर अण्णा जिन्यात उभे. रात्रभर प्रवास केलेले, हातात पिशवी, आणि पाहुण्यासारखे अवघडलेले. आत येऊन त्यांनी चपला नीट बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "आक्का, पाय कुठं धुऊ?"

 आत्यानं तांब्या भरून दिला. पाट मांडला, हंसाबेनकडून उसनी आणलेली निरांजनं लावली आणि भावाला ओवाळलं. जेवताना अण्णांना तिनं वाढतच ठेवलं. ते नको नको म्हणत राहिले आणि खात राहिले. संध्याकाळची त्यांची गाडी होती. पिशवी उचलून ते जिना उतरले, पोळाच्या तोंडाशी जाऊन एकदा वळून बघितलं. आत्या खालच्या दारात उभी होती. जन्मभर दुसऱ्यांना पोचवून परतलेली ती बाई त्या दिवशी कुठंही जाणार नव्हती. तिनं हात वर केला आणि भर रस्त्यात, सगळ्या पोळाला ऐकू जाईल असं भावाला ओरडून सांगितलं, "पुढच्या वर्षी लवकर ये रे, माझ्या घरी!"